जांभूळ वाइन : फळांच्या निवडीपासून बाटलीपर्यंत

जांभळाचा हंगाम जेमतेम महिनाभराचा असतो. मेअखेर फळे काळी पडू लागतात आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर झाडाखाली सडा पडतो. पिकलेले फळ साध्या तापमानाला एक-दोन दिवसच टिकते. मोठी, टपोरी फळे ताजी विकली जातात; प्रश्न उरतो तो बारीक आणि उशिरा पिकणाऱ्या फळांचा. त्यापासून गर, सरबत, बियांची भुकटी आणि वाइन असे पदार्थ होतात. जांभळाचा गडद जांभळा रंग, आंबटपणा आणि तुरटपणा हे तिन्ही गुण वाइनसाठी उपयोगाचे आहेत.

आधी परवाना, मग यीस्ट

महाराष्ट्रात घरच्या वापरासाठीसुद्धा विनापरवाना वाइन तयार करणे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ नुसार गुन्हा आहे. ‘फळ आपल्या झाडाचे आहे’ किंवा ‘विकायची नाही’ हे कारण चालत नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, हेही लक्षात ठेवावे. परवान्याची चौकशी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयात करावी. विक्रीसाठी अन्नसुरक्षा परवाना आणि अल्कोहोलयुक्त पेयांविषयीचे २०१८ चे विनियमही लागू होतात.

परवाना नसेल, तर पुढील कृतीतील गर काढण्यापर्यंतचाच भाग करावा. गर विकण्यासाठी अन्नसुरक्षा नोंदणी पुरते. त्यापुढचे काम परवानाधारक वाइनरीकडून करून घेता येते. द्राक्षांचे गाळप साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. त्यामुळे जूनमध्ये वाइनरीची गाळपयंत्रे बहुधा मोकळी असतात. मात्र त्या वाइनरीच्या परवान्यात द्राक्षाखेरीज इतर फळे बसतात का, हे करार करण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

फळांची निवड

- पूर्ण काळी, देठाजवळही लाली नसलेली फळे घ्यावीत. अर्धवट पिकलेल्या फळांमुळे तुरटपणा फार वाढतो.
- झाडाखाली जाळी किंवा स्वच्छ कापड बांधून फळे झेलावीत. मातीत पडलेली, फुटलेली, बुरशी आलेली किंवा आंबूस वास येणारी फळे घेऊ नयेत. सडके फळ वाइनमध्ये जिरत नाही, त्याचा वास शेवटपर्यंत राहतो.
- कोकणात पालघरच्या बहाडोली जांभळाला भौगोलिक मानांकन आहे. ‘कोकण बहाडोली’सारख्या मोठ्या फळांच्या जातीत गर जास्त निघतो. पण ती फळे ताजी विकलेलीच बरी. वाइनसाठी त्याच बागेतील लहान फळे वापरावीत.
- एका दिवशी पुरेशी फळे मिळत नसतील, तर गर काढून उणे १८ अंश तापमानाला साठवावा. गोठवल्याने सालीतील पेशी फुटतात आणि रंग अधिक चांगला उतरतो.

गर तयार करणे

फळे पिण्याच्या पाण्यात दोनदा धुऊन निथळावीत. हाताने किंवा पल्परने बिया वेगळ्या कराव्यात. मिक्सर वापरू नये. बी फुटले की कडवटपणा उतरतो. साल मात्र गरातच ठेवावी, रंग तिच्यातच असतो.

भांडी अन्नयोग्य प्लॅस्टिक, काच किंवा स्टेनलेस स्टीलची असावीत. लोखंड, तांबे आणि ॲल्युमिनियम टाळावे. आम्ल रसात या धातूंचा अंश उतरतो आणि वाइनची चव व रंग बिघडतो.

१० किलो फळांसाठी प्रमाण

१० किलो फळांपासून सालीसह सुमारे साडेसहा किलो गर मिळतो असे धरू. गर दाट असल्याने त्यात साडेतीन लिटर उकळून थंड केलेले पाणी घालावे.

- साखर : रिफ्रॅक्टोमीटरने गराचा ब्रिक्स मोजावा. गर १३ ब्रिक्सचा असेल, तर पाणी घातल्यावर तो सुमारे साडेआठ होतो. तो २२ वर नेण्यासाठी अंदाजे पावणेदोन किलो साखर लागते. एका ब्रिक्समागे साधारण ०.५५ टक्के अल्कोहोल तयार होते. म्हणजे २२ ब्रिक्सपासून सुमारे १२ टक्के. यापेक्षा बरीच जास्त साखर घातल्यास यीस्ट मध्येच थकते.
- सामू : ३.३ ते ३.६ ठेवावा. सामू जास्त असल्यास लिटरला १ ग्रॅम टार्टरिक किंवा सायट्रिक आम्ल घालून पुन्हा मोजावा.
- पोटॅशिअम मेटाबायसल्फाइट (केएमएस) : १ ग्रॅम. १० लिटरला १ ग्रॅम म्हणजे सुमारे ५० पीपीएम सल्फर डायऑक्साइड. चमच्याने अंदाज घेऊ नये. एका सपाट चमच्यात पाच ग्रॅमच्या आसपास पूड मावते. लहान डिजिटल काट्यावर मोजावे. वाफ नाकात जाऊ देऊ नये. दमा असलेल्यांनी हे काम करू नये.
- डायअमोनियम फॉस्फेट : ५ ग्रॅम, यीस्टचे खाद्य म्हणून. शेतात वापरतो ते डीएपी खत येथे चालत नाही. अन्नयोग्य दर्जाचेच आणावे.
- वाइन यीस्ट : २ ते ३ ग्रॅम. पावासाठीचे यीस्ट वापरू नये. ते जास्त अल्कोहोलात तग धरत नाही आणि गाळ नीट बसत नाही.

केएमएस मिसळून भांडे कापडाने झाकून २४ तास ठेवावे. या काळात रानटी जिवाणू आणि यीस्ट दबतात. पेक्टिनेज विकर वापरत असाल, तर केएमएसनंतर १२ तासांनी पाकिटावरील मात्रेने घालावे. रस मोकळा होतो आणि वाइन लवकर निवळते.

आंबवण

१. यीस्ट त्याच्या दहापट कोमट पाण्यात (३५ ते ४० अंश) १५ ते २० मिनिटे भिजवावे. फेस आल्यावर गरात मिसळावे. भांड्याचा वरचा चौथा हिस्सा रिकामा ठेवावा.

२. तापमान २० ते २५ अंश असावे. जूनमधील उकाड्यात भांडे पाण्याच्या टबात ठेवून भोवती ओले गोणपाट गुंडाळावे. ३० अंशांच्या वर फळाचा वास उडतो आणि आंबवण थांबण्याचा धोका वाढतो.

३. साली वर येऊन थर धरतात. तो थर दिवसातून दोन-तीन वेळा स्वच्छ दांड्याने खाली दाबावा. थर कोरडा पडला की त्यावर आंबट जिवाणू वाढतात.

४. चार-पाच दिवसांनी रंग पुरेसा उतरला की मलमलीतून गाळून घ्यावे. चोथा हलकाच पिळावा. जोरात पिळल्यास तुरटपणा वाढतो.

५. गाळलेला रस काचेच्या किंवा अन्नयोग्य जारमध्ये भरून एअरलॉक लावावा. वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही, एवढेच त्याचे काम. दोन ते तीन आठवड्यांत बुडबुडे थांबतात.

मोठ्या प्रमाणात काम होत असेल, तर खोली हवेशीर हवी. आंबवणातून निघणारा कार्बन डायऑक्साइड खाली साचतो. बंद खोलीत किंवा टाकीत वाकून पाहणे जीवघेणे ठरू शकते.

आंबवण संपले हे कसे ओळखावे?

येथे अनेकांची चूक होते. अल्कोहोल तयार झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर खरे माप दाखवत नाही. साखर संपली तरी तो ६ ते ८ ब्रिक्स दाखवतो. त्यामुळे शेवटी हायड्रोमीटरच वापरावा. सलग तीन दिवस माप १.००० च्या खाली आणि एकसारखे आले, म्हणजे आंबवण संपले. साखर शिल्लक असताना बाटली बंद केल्यास आत वायू साचून बाटली फुटते.

निवळणे आणि मुरवणे

तळाशी गाळ बसला की वरची वाइन नळीने दुसऱ्या जारमध्ये काढावी. ओतू नये, ओतल्याने हवा मिसळते. प्रत्येक वेळी १० लिटरला सुमारे १ ग्रॅम केएमएस घालावे आणि जार तोंडापर्यंत भरलेला ठेवावा. तीन-चार महिन्यांत असे दोन-तीन वेळा करावे. तरीही गढूळ राहिल्यास लिटरला अर्धा ते एक ग्रॅम बेंटोनाइट गरम पाण्यात २४ तास भिजवून मिसळावे.

१० किलो फळांपासून शेवटी साधारण ७ ते ८ लिटर वाइन हाती येते. नवी वाइन तुरट लागते. सहा महिने थंड, अंधाऱ्या जागी मुरल्यावर तुरटपणा बसतो.

नेहमीच्या अडचणी

- व्हिनेगरचा वास : हवा लागली किंवा केएमएस कमी पडले. अशी वाइन सुधारत नाही. इतर जारमध्ये मिसळू नये.
- कुजक्या अंड्याचा वास : यीस्टला खाद्य कमी पडले. आंबवण चालू असताना लवकर लक्षात आल्यास रस एकदा हवेतून दुसऱ्या भांड्यात ओतावा. इतर वेळी हवा टाळायची असते, त्याला हा अपवाद.
- वर पांढरी साय : जार अपुरा भरलेला आहे. साय काढून केएमएस द्यावे आणि जार पूर्ण भरावा.
- आंबवण मध्येच थांबले : तापमान तपासावे, नवे यीस्ट थोड्या रसात सुरू करून मग मिसळावे.

बिघडलेली वाइन ‘वाया जाऊ नये’ म्हणून भट्टी लावून ऊर्ध्वपातन करू नये. त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि चुकीच्या ऊर्ध्वपातनात विषारी अंश एकवटू शकतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गटाला सल्ला देताना यंत्रांच्या यादीपासून सुरुवात करू नये. पहिल्या हंगामात स्वच्छ फळ झेलणे, गर काढणे आणि गोठवून ठेवणे एवढेच नीट बसवावे. गराला खात्रीचा ग्राहक मिळाला, तर वाइनचा परवाना आणि भांडवल यांचा विचार दुसऱ्या वर्षी करता येतो. ग्राहक मिळाला नाही, तरी गटाचे नुकसान गरापुरतेच राहते.