अवधानाचे मोल

व्यापाराने देश संपन्न होतो की विपन्न, हा वाद अर्थशास्त्राइतकाच जुना आहे. परंतु व्यापाराच्या लाटेत मनुष्याच्या अंगच्या कौशल्याची काय गती होते, हा प्रश्न त्यात बहुधा मागे पडतो. या दृष्टीने जपानचा इतिहास फार बोधप्रद आहे.

१८५९ साली योकोहामा बंदर परकी व्यापारास खुले झाले. युरोपात त्या सुमारास रेशमाच्या किड्यांवर रोग पडला होता. त्यामुळे जपानी रेशमास एकाएकी मोठे गिऱ्हाईक लाभले. उलटपक्षी परदेशचे स्वस्त सूत येऊन जपानी घरांतील सूतकताई बसू लागली. पुढे त्या सुतात आमच्या मुंबईच्या गिरण्यांचाही वाटा होता. एका घरचे काम गेले, दुसऱ्या घरी आले. राष्ट्राच्या जमाखर्चात बेरीज जुळली, तरी गमावणारा व कमावणारा एकच नव्हता.

याच उलथापालथीत सामुराईंची तरवार निरुपयोगी ठरली. हा घाव प्रत्यक्ष व्यापाराने नव्हे, तर नव्या सरकारने घातला. १८७३ साली सक्तीची लष्करभरती सुरू झाली व १८७६ साली तरवार बाळगण्याचा हक्क आणि वंशपरंपरेच्या नेमणुका दोन्ही गेल्या. साकाकिबारा केन्किचीसारख्या नामांकित गुरूवर तिकिटे लावून तरवारीचे सामने दाखविण्याची पाळी आली.

या विद्येचा आत्मा केवळ मनगटात नव्हता. जपानी गुरू ‘झान्शिन’ शिकवीत. म्हणजे वार केल्यानंतरही प्रतिस्पर्ध्यावरून मन न काढणे. दृष्टी एका बिंदूस चिकटू न देता सर्वांगावर ठेवणे, हेही त्याच शिक्षणाचे अंग होय.

आता तोमिओकाच्या सरकारी रेशीम-कारखान्याकडे पाहू. तो १८७२ साली सुरू झाला. तेथे ३०० कढया होत्या. परक्यांच्या हाताखाली मुली पाठविण्यास लोक धजेनात, तेव्हा पुष्कळ सामुराई घराण्यांनीच आपल्या लेकी धाडल्या. १८७३ साली मात्सुशिरोहून आलेल्या वादा एइने तेथील आठवणी पुढे लिहून ठेवल्या आहेत. ऊन पाण्यातील कोशांचे तंतू एकत्र ओढताना एक संपताच दुसरा जोडावा लागे. क्षणभर लक्ष चळले की धागा बारीक पडे. कामाचे मोल होते ते या अवधानाचेच. बापाची तरवारविद्या लेकीच्या बोटांत उतरली, असे म्हणणे काव्य होईल. आमचे म्हणणे इतकेच की, बाजाराने एका अवधानाची किंमत शून्यावर आणली आणि त्याच वेळी दुसऱ्यास गिऱ्हाईक दिले.

परंतु बाजार किंमत ठरवितो, सांभाळ करीत नाही. पुढील खाजगी कारखान्यांत शेतकऱ्यांच्या मुली दीर्घ तास राबल्या. त्यांच्या रक्षणाचा कायदा १९११ साली झाला आणि अंमलात आला १९१६ साली. तरवारविद्येसही आसरा मिळाला तो बाजारात नव्हे, तर पोलिसांच्या तालमीत व शाळांत. १८८२ साली कानो जिगोरो यांनी जुजुत्सूला ज्युदोचे रूप देऊन तिचे शिक्षणशास्त्र बनविले.

व्यापाराचे दार बंद करावे, असा याचा अर्थ नव्हे. दार उघडताना ज्यांच्या विद्येचे मोल एका रात्रीत उतरते, त्यांची तरतूद आधी करावी. नाहीतर राष्ट्र श्रीमंत होते आणि माणसे मात्र भिकेस लागतात.