वांकेल एंजिन : कार्ब्युरेटराकडून इंधन अंतःक्षेपणाकडे

वांकेल घूर्णी एंजिन बसविलेल्या जुन्या क्रीडा-मोटारगाड्यांतील कार्ब्युरेटर काढून त्याच्या जागी इंधन अंतःक्षेपणाची योजना करणे, ही गेल्या चार दशकांतील मोटार-अभियांत्रिकीतील एक छोटी पण उद्‌बोधक घटनामालिका आहे. दट्ट्याच्या एंजिनात असा बदल बहुधा इंधनाची बचत वा शक्तीतील वाढ यांसाठी केला जातो. घूर्णी एंजिनात मात्र कार्ब्युरेटर हवा व इंधन यांचे मिश्रण करण्याखेरीज आणखीही एक काम करीत असे आणि ते विसरले गेल्यास एंजिनच निकामी होते. त्यामुळे या रूपांतराचा इतिहास हा बराचसा या विसरण्याचा आणि पुन्हा शिकण्याचा इतिहास आहे.

फेलिक्स वांकेल (१९०२–८८) यांच्या कल्पनेवर आधारलेले पहिले एंजिन प. जर्मनीतील एन्‌एस्‌यू या कंपनीत १९५७ मध्ये चालले. मधोमध किंचित आवळलेल्या लंबगोल कवचात गोलसर बाजूंचा त्रिकोणी घूर्णक विकेंद्री दंडावर फिरतो. घूर्णकाच्या प्रत्येक बाजूजवळ एक, अशा तीन फिरत्या कोठ्या तयार होतात व त्यांत अंतर्ग्रहण, संपीडन, ज्वलन आणि निष्कास या क्रिया क्रमाने घडतात. घूर्णकाचा एक फेरा होतो तेव्हा दंडाचे तीन फेरे होतात. म्हणजे दंडाच्या प्रत्येक फेऱ्यास प्रत्येक घूर्णकामागे एक ज्वलन होते. झडपा नाहीत, भाग थोडे, कंप अत्यल्प. पण घूर्णकाच्या तीन शिखरांवरील पट्ट्या कवचाच्या पृष्ठभागावर सतत घासत असतात. कोठ्या एकमेकींपासून अलग राखण्याची सारी भिस्त या पट्ट्यांवर असते.

एन्‌एस्‌यूची १९६४ ची स्पायडर, १९६७ ची आरओ ८० आणि त्याच वर्षी जपानच्या तोयो कोग्यो कंपनीने (१९८४ पासून माझ्दा मोटर) विक्रीस आणलेली कॉस्मो स्पोर्ट या तिन्ही गाड्यांना कार्ब्युरेटरच होते. घूर्णकाच्या शिखरपट्ट्या आणि कवचावर उमटणारे लाटांसारखे ओरखडे हाच त्या काळी सर्वांत बिकट प्रश्न होता. इंधनपुरवठ्याकडे वळण्यास अभियंत्यांना सवड नव्हती. अपवाद होता तो मर्सिडीज-बेंझच्या सी १११ या प्रायोगिक गाडीचा. तीत १९६९ मध्ये तीन घूर्णकांचे व १९७० मध्ये चार घूर्णकांचे एंजिन बसविण्यात आले आणि पंपाच्या साहाय्याने इंधन थेट कोठीत सोडण्यात आले. चार घूर्णकांच्या एंजिनाची शक्ती सु. ३५० अश्वशक्ती होती. गाडी वेगवान होती, पण इंधनाचा खप आणि निष्कास वायूंची अशुद्धता आटोक्यात आली नाही व ती विक्रीस कधीच आली नाही. अंतःक्षेपणाने घूर्णी एंजिनाचे सर्व दोष जातात, ही समजूत खरे तर तेव्हाच दूर व्हायला हवी होती.

दोष मुळात कोठीच्या आकारात आहे. ती लांब, चपटी व सरकती असल्याने ज्वाला तिच्या टोकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच विझते आणि न जळालेले हायड्रोकार्बन बाहेर पडतात. दोन ठिणगी-गुडद्या बसवूनही हा दोष पुरता जात नाही. माझ्दाने १९७० नंतरच्या काही वर्षांत मिश्रण मुद्दाम इंधनसंपन्न ठेवून उरलेला भाग निष्कास मार्गातील उष्णता-प्रतिक्रियकात जाळण्याचा मार्ग पत्करला. हवा शुद्ध राहिली, पण पेट्रोल भरपूर लागू लागले आणि १९७३ च्या तेलसंकटात हे धोरण कंपनीला फार महागात पडले. तेव्हा इंधनाच्या खपात ४० टक्के सुधारणा करण्याची योजना हाती घेण्यात आली व तिचे फळ म्हणजे १९७८ मध्ये आलेली आरएक्स–७ ही क्रीडा-मोटारगाडी.

आज रूपांतरासाठी हाती येणाऱ्या जुन्या गाड्यांत हिची संख्या मोठी आहे. १९८५ पर्यंत तिच्या पहिल्या पिढीच्या सु. ४,७०,००० गाड्या तयार झाल्या. तिच्यातील १२ए या एंजिनात ५७३ घ. सेंमी. ची एकेक कोठी असलेले दोन घूर्णक होते आणि त्यावर चार नळ्यांचा कार्ब्युरेटर होता. दोन लहान नळ्या मधल्या कवचभागातील प्राथमिक द्वारांना नेहमी मिश्रण पुरवीत. थ्रॉटल अधिक उघडल्यावर उरलेल्या दोन नळ्या बाहेरच्या कवचभागांतील दुय्यम द्वारे जागी करीत. ही रचना चांगली होती. वळणावर इंधन प्लवकोठीत एका बाजूस सरणे, थंड हवेत ते मार्गाच्या भिंतींवर साचणे, उंच प्रदेशात मिश्रण संपन्न होणे या कार्ब्युरेटराच्या सर्वसाधारण उणिवा तिच्यातही होत्या इतकेच.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे अंतःक्षेपण बॉश कंपनीने १९६७ मध्येच फोल्क्सवागेन १६०० या गाडीसाठी विक्रीस आणले होते. माझ्दाच्या घूर्णी एंजिनात ते १९८२ मध्ये कॉस्मो गाडीच्या टर्बोचार्जरयुक्त १२ए एंजिनाबरोबर आले. १९८३ मध्ये ते जपानातील आरएक्स–७ लाही मिळाले. अमेरिकेत १९८४ मध्ये आलेल्या आरएक्स–७ च्या एका प्रकारात अंतःक्षेपणासह १३बी हे ६५४ घ. सेंमी. च्या दोन कोठ्यांचे एंजिन होते व त्याची शक्ती १३५ अश्वशक्ती होती. कार्ब्युरेटरच्या १२ए ची सु. १००. या वाढीचे सर्व श्रेय अंतःक्षेपणाला देण्याचा प्रघात योग्य नाही. मोठी कोठी आणि उच्च वेगात उघडणारी जादा अंतर्ग्रहण-द्वारे यांचा वाटा त्यात मोठा होता. १९८५ मध्ये जपानात दुसरी पिढी आली आणि या गाडीपुरता कार्ब्युरेटर इतिहासजमा झाला.

जुन्या गाड्यांचे रूपांतर या टप्प्यानंतर शक्य कोटीत आले, कारण मोडीत निघालेल्या नव्या गाड्यांतील अंतःक्षेपक, संवेदक व नियंत्रक हाती येऊ लागले. त्याच सुमारास मालकाला स्वतः आज्ञावली भरता येईल असे नियंत्रकही बाजारात आले. घूर्णी एंजिनांच्या शर्यतींची आवड असलेल्या ऑस्ट्रेलियात हॉलटेक ही संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली. दट्ट्याच्या एंजिनासाठी बनविलेल्या नियंत्रकाला घूर्णी एंजिन समजावून देण्याची युक्ती सोपी आहे : दोन घूर्णकांच्या एंजिनात दंडाच्या एका फेऱ्यास दोन ज्वलने होतात, चार सिलिंडरांच्या चतुर्घाती एंजिनातही तितकीच होतात, म्हणून नियंत्रकाला एंजिन चार सिलिंडरांचे असल्याचे सांगितले जाते. अंतर्ग्रहण-नलिकेत भोके पाडून अंतःक्षेपक बसवितात आणि कार्ब्युरेटरच्या जागी नुसत्या थ्रॉटल झडपा असलेले चार नळ्यांचे धड येते.

खरी कसोटी पुढे लागते. जुन्या गाडीचा पंप कार्ब्युरेटराला वातावरणाच्या दाबाच्या सु. एकचतुर्थांश इतक्याच दाबाने पेट्रोल देतो, अंतःक्षेपकांना सु. अडीच ते तीन वातावरण इतका दाब लागतो. त्यामुळे पंप, नळ्या, सांधे व टाकीकडे परतीचा मार्ग हे सर्व नव्याने करावे लागते; जुन्या रबरी नळ्या तशाच ठेवल्यास आगीचा धोका असतो. जुन्या टाकीत आडपडदे अपुरे असल्यास वळणावर पंप हवा ओढतो व मिश्रण क्षणभर क्षीण होते. दट्ट्याच्या एंजिनात असा क्षण बहुधा निभावतो. घूर्णी एंजिनात भारी ताणाखाली क्षीण मिश्रणामुळे अधिस्फोट झाला, तर शिखरपट्टी तुटते आणि तिचे तुकडे कवच खरवडून निष्कासद्वारातून बाहेर पडतात. लहान संचयकुंड बसविण्याची चाल यातूनच पडली.

यापेक्षा सूक्ष्म प्रश्न वंगणाचा. शिखरपट्ट्यांना तेल मिळावे म्हणून एंजिनातील मापक पंप थोडे तेल कार्ब्युरेटरात सोडी व ते पेट्रोलबरोबर कोठीत जाई. कार्ब्युरेटर काढला की ही वाट बंद होते. एंजिन मात्र लगेच कुरकुरत नाही. उलट अधिक सुरळीत चालते आणि पट्ट्या व कवच मुकाट्याने झिजत राहतात. काही हजार किमी. नंतर संपीडन घटून गाडी सुरू होईनाशी होते, तेव्हा दोष अंतःक्षेपणाला दिला जातो. कारखान्याने नव्या एंजिनांत हे तेल स्वतंत्र बारीक नळ्यांनी अंतर्ग्रहण मार्गात व कवचात पोहोचविले. जुन्या गाडीत एक तर तशाच नळ्या जोडाव्या लागतात, नाही तर द्विघाती एंजिनाचे तेल पेट्रोलातच, साधारणतः शंभर भागांस एक भाग किंवा त्याहून काहीसे कमी, मिसळावे लागते. दुसरा उपाय ओबडधोबड वाटला, तरी अनेक अनुभवी यंत्रज्ञ तोच पसंत करतात, कारण त्यात तेल पोहोचल्याची खात्री असते. चालकाला प्रत्येक वेळी आठवण ठेवावी लागते, ही त्याची किंमत.

अंतःक्षेपक गळका असल्यास बंद गाडीत इंधन कोठीत झिरपून पट्ट्यांवरील तेल धुऊन नेते आणि संपीडनाअभावी एंजिन सुरू होत नाही. मूळ कारखान्याच्या दुसऱ्या पिढीतील गाड्यांतही ही तक्रार सर्रास आढळे. तेव्हा या दुखण्यापुरता कार्ब्युरेटर सोडून फारसे काही साधत नाही. थंडीतील सुरुवात, मंद गतीतील स्थिरता आणि उत्प्रेरकी परिवर्तकाला मानवणारे मिश्रण यांबाबत मात्र लाभ निर्विवाद आहे.

माझ्दाने आरएक्स–८ चे उत्पादन २०१२ मध्ये थांबविल्यावर विद्युत् जनित्र चालविण्यासाठी २०२३ मध्ये एमएक्स–३० या गाडीत पुन्हा घूर्णी एंजिन बसविले, ८३० घ. सेंमी. च्या त्या एका घूर्णकात इंधन थेट कोठीत सोडले जाते. जुन्या आरएक्स–७ चे काही मालक मूळ अवस्थेतील गाडीचे ऐतिहासिक मूल्य ओळखून अंतर्ग्रहण-नलिकेला भोके पाडण्याऐवजी दुसरी नलिका वापरतात आणि मूळ नलिका कार्ब्युरेटरासह जपून ठेवतात.