महिलांची टूर द फ्रान्स : एका खंडित शर्यतीचा इतिहास

दादरहून पुण्याला जायचे तर सुमारे दीडशे किलोमीटर रस्ता आणि वाटेत बोरघाट. हे अंतर सात वेळा कापले, की हजाराच्या थोडे पुढे जाते. १९८४ साली फ्रान्समध्ये महिला सायकलपटूंनी जवळपास एवढेच अंतर १८ टप्प्यांत पार केले.

टप्प्यांच्या शर्यतीचे गणित सोपे आहे. रोज एक टप्पा, रोजच्या वेळेची नोंद आणि शेवटी बेरीज. जिची बेरीज सर्वांत कमी, ती विजेती. मात्र हे काम एकटीचे नाही. गिरगाव चौपाटीवर समोरून समुद्राचा वारा असताना दुसऱ्या सायकलीच्या मागे राहिले तर पायांना कमी जोर लावावा लागतो, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वेगवान शर्यतीत ही बचत मोलाची ठरते. म्हणून प्रमुख खेळाडूला वाऱ्याआड नेणारा संघ हवा आणि संघ म्हटला की खर्च आला.

पुरुषांची टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली. महिलांसाठी १९५५ मध्ये झां ल्योलिओ या पत्रकाराने पाच दिवसांची शर्यत भरवली. ती आइल ऑफ मॅनच्या मिली रॉबिन्सनने जिंकली. पुढे २९ वर्षे काहीच नाही! बायकांना एवढे झेपणार नाही, असे या काळात सर्रास मानले जाई. जो प्रयोग केलाच नाही, त्याचा निष्कर्ष मात्र तयार होता.

१९८४ मध्ये प्रयोग झाला. ३६ जणी निघाल्या, ३५ जणींनी शर्यत पूर्ण केली. अमेरिकेची मॅरिअ‍ॅन मार्टिन पहिली आली. त्याच वर्षी पुरुषांपैकी १७० जण निघाले आणि १२४ पोहोचले. यावरून स्त्रिया अधिक चिवट, असे मात्र म्हणता येणार नाही, कारण पुरुषांचे अंतर सुमारे चार हजार किलोमीटर होते. एवढेच म्हणता येते, की 'झेपणार नाही' हा दावा खोटा ठरला.

तरीही १९८९ नंतर संयोजकांनी ही शर्यत बंद केली. अडचण पैशांची होती, स्नायूंची नव्हे. इतरांनी वेगळ्या नावांनी ती चालवली. पण २००९ पर्यंत ती चार दिवसांवर आली आणि मग थांबली. २०१३ मध्ये मारिआना फोस, एमा पूली आदी खेळाडूंनी काढलेल्या मागणीपत्रावर ९७ हजारांहून अधिक सह्या झाल्या. २०१४ मध्ये महिलांना एक दिवसाची शर्यत मिळाली. आठ टप्प्यांची शर्यत मिळण्यास २०२२ साल उजाडले. त्या वर्षीच्या विजेतीला, अ‍ॅनेमिक फान फ्लूटेनला, ५० हजार युरो मिळाले. पुरुष विजेत्याचे बक्षीस पाच लाखांचे होते. २०२४ मध्ये पोलंडची कासिया निएवियादोमा आठ टप्प्यांच्या बेरजेत केवळ ४ सेकंदांनी जिंकली.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. ती पुरुषांची होती. वर्गात 'मुलींना हा घाट जमेल का?' असा प्रश्न आलाच, तर शिक्षकांनी आधी एक उलट प्रश्न विचारावा : त्यांची वेळ मोजायला घड्याळ घेऊन घाटमाथ्यावर कोणी उभे होते का?