विश्वासांगीकारातील पिता आणि पुत्र

रविवारच्या मिस्सेत निकेयाचा विश्वासांगीकार म्हणताना प्रभू येशूविषयी आपण एक भेद उच्चारतो: तो पित्यापासून जन्मलेला आहे, निर्माण केलेला नाही. सवयीने हे शब्द ओठांवरून निसटून जातात. (पुष्कळदा आपण प्रेषितांचा लहान विश्वासांगीकारच म्हणतो; त्यात येशूला पित्याचा एकुलता एक पुत्र म्हटले आहे, पण त्या पुत्रपणाचा अर्थ उलगडलेला नाही.) चौथ्या शतकात मात्र याच भेदावरून ख्रिस्तसभा दुभंगू लागली होती.

अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस पुत्राला सर्वश्रेष्ठ मानी, परंतु निर्मितीतील सर्वश्रेष्ठ. पुत्र मुळात नव्हता, पित्याने त्याला अस्तित्वात आणले, असे त्याचे मत. पिता आपल्याहून थोर आहे, या अर्थाच्या प्रभूच्या उद्गारांचा (योहान १४:२८) आधार त्याचे अनुयायी घेत.

सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकेया (आज तुर्कस्तानातील इझनिक) येथे बिशपांची परिषद बोलावली. पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकसत्त्व आहे, असे परिषदेने घोषित केले. हा शब्द बायबलमध्ये नसल्यामुळे अनेक बिशप बिचकले. त्यांचा संकोच आम्हांला समजतो. पण बायबलमधील प्रत्येक शब्दाला आरियसवादी आपला अर्थ लावत, तेव्हा पळवाट न ठेवणारा शब्द शोधणे भाग होते.

कुंभार मडके घडवतो, पण मडके कुंभाराच्या स्वभावाचे नसते. त्याच्या पोटी जन्मणारा पुत्र मात्र त्याच्यासारखाच माणूस असतो. अर्थात मानवी पिता पुत्राच्या आधी असतो. ईश्वरामध्ये असे आधी-नंतर नाही. म्हणून विश्वासांगीकारात प्रकाशाची उपमा येते. ज्योत आधी आणि तिची प्रभा मागाहून, असे कधी होत नाही.

निकेयाला उपदीक्षित म्हणून उपस्थित असलेल्या संत अथानासियस यांनी पुढे बिशप झाल्यावर या श्रद्धेपायी पाच वेळा हद्दपारी सोसली. त्यांचा प्रश्न तारणाचा होता: पुत्र स्वतःच निर्मित असेल, तर तो आपल्याला ईश्वराशी कसा जोडणार? आणि पित्याच्या जोडीने त्याच्या नावाने बाप्तिस्मा तरी कसा द्यावा?

आज आपण म्हणतो तो पाठ ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी निगडित आहे. पवित्र आत्मा पित्यापासून ‘आणि पुत्रापासून’ येतो, ही लॅटिन परंपरेतील नंतरची भर. ऑर्थोडॉक्स बंधू ती म्हणत नाहीत. परिषदेच्या १७०० व्या वर्षी, २८ नोव्हेंबर २०२५ रोजी, पोप लिओ चौदावे आणि पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी इझनिक येथे एकत्र प्रार्थना केली. पिता आणि पुत्र एकसत्त्व आहेत, याबाबत दोन्ही परंपरांमध्ये दुमत नाही.