लाइट-फॅन आणि पॉवर : भिंतीवरील दोन सॉकेटांची कुळकथा

नाशिकच्या अनेक घरांत धान्य दळणाऱ्या घरघंटीचा प्लग मिक्सरच्या सॉकेटात बसत नाही, याचे कारण सहसा विद्युतप्रवाहाच्या मर्यादेत शोधले जाते; परंतु या विभागणीची निम्मी मुळे वीज विकण्याच्या जुन्या रीतीत आहेत.

प्लगची वंशावळ थोडक्यात अशी. गोल पिनांचा आपला प्लग ब्रिटनच्या १९३४ च्या बी.एस. ५४६ या मानकाचा वंशज असून त्या मानकात २, ५, १५ आणि ३० अँपिअरचे आकार होते. ब्रिटनने १९४७ मध्ये चपट्या पिनांचा, पोटात फ्यूज असलेला प्लग स्वीकारला. भारताने मात्र जुने घराणे चालू ठेवले आणि त्यातील ५ व १५ अँपिअरचे आकार आय.एस. १२९३ या मानकात आज ६ व १६ अँपिअरचे म्हणून नोंदलेले आहेत.

दोन आकारांना दोन स्वतंत्र वायरिंग कशी चिकटली, हा खरा प्रश्न आहे. विजेचा खर्च केवळ खपलेल्या युनिटांवर नव्हे, तर ग्राहकांसाठी सज्ज ठेवलेल्या यंत्रसामग्रीवरही अवलंबून असतो, हे जॉन हॉपकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याने १८९२ मध्ये मांडले. दिवे संध्याकाळी एकदम लागत आणि जनित्रे दिवसभर रिकामी राहत. म्हणून शेगडी, इस्त्री किंवा मोटर चालवणाऱ्याला स्वस्त दर आणि दिव्यांना महाग दर, अशी पद्धत रूढ झाली. दोन दर म्हणजे दोन मीटर, आणि दोन मीटर म्हणजे दोन वायरिंग. भारतातील जुन्या दरपत्रकांतही ‘लाइट-फॅन’ हा एक वर्ग आणि उष्णता व लहान यंत्रे, म्हणजे ‘पॉवर’, हा दुसरा, अशी विभागणी आढळते.

येथे पंखा हा विलक्षण साक्षीदार ठरतो. पंखा हे निःसंशय मोटरवर चालणारे उपकरण, तरीही तो दिव्यांच्या पंगतीत बसला. छतापर्यंत दिव्याची तार आधीच पोहोचलेली असल्याने त्याच्यासाठी वेगळे मीटर कोणालाही परवडले नसावे, असा तर्क करता येतो. वायरिंगच्या भारतीय संहितेत हा संसार टिकून राहिला : लाइट-फॅनच्या एका उपमंडलावर, म्हणजे वितरण पेटीतून निघणाऱ्या एका शाखेवर, दहा पॉइंट आणि ८०० वॅट ही मर्यादा, तर पॉवरच्या शाखेवर दोनच सॉकेट.

प्रतिपक्षाचे म्हणणे असे, की यात दराचा संबंध नाही. पंखा जेमतेम ७५ वॅटचा म्हणून दिव्यांसोबत, आणि एक अश्वशक्तीची घरघंटी चालताना सहा-सात अँपिअर घेते व सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट, म्हणून तिला जाड पिना. हा युक्तिवाद भक्कम आहे, पण मिक्सरपाशी अडखळतो. ७५० वॅटचा मिक्सर ६ अँपिअरच्या सॉकेटात बिनतक्रार बसतो आणि लाइट-फॅनच्या शाखेची जवळजवळ सगळी मर्यादा एकटाच खातो. केवळ प्रवाहाचा हिशेब करून ही वाटणी झाली असती, तर स्वयंपाकघरातील मोटरला दिव्यांच्या तारेवर जागा मिळाली नसती. प्रतिपक्षाचा एक पुरावा मात्र मान्य करावाच लागतो : अर्थिंगची पिन लांब असते ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून, कारण मोटरच्या वेटोळ्याचे इन्सुलेशन खराब झाले तर धातूच्या अंगात वीज उतरते. या लांबीचा दरपत्रकाशी काहीही संबंध लावता येत नाही. निफाड-दिंडोरीच्या मळ्यांतील थ्री-फेज पंपांना हा वादच लागू नाही, कारण ते प्लगविना, स्टार्टरमार्फत कायमचे जोडलेले असतात.

घरगुती ग्राहकाचे मीटर आता एकच आहे आणि दर युनिटांच्या टप्प्यांवर ठरतो, म्हणजे विभागणीमागचे दराचे कारण संपले आहे. दोन्ही प्लग घेणारे एकत्रित सॉकेट हा त्याचा स्वाभाविक परिणाम; परंतु भारतीय प्लगमध्ये ब्रिटिश प्लगसारखा फ्यूज नसल्याने, १६ अँपिअरच्या एमसीबीवरील (जादा प्रवाहाला आपोआप तुटणाऱ्या स्विचवरील) अशा सॉकेटात बारीक वायरचे उपकरण लावल्यास ती वायर तापूनही एमसीबी पडेलच असे नाही. दोन मीटरांच्या काळात शाखाच वेगळ्या असल्याने बारीक वायरचे संरक्षण हिशेबाच्या सोयीतून अनायासे मिळत होते. आता ते वायरची जाडी आणि एमसीबीचे अँपिअर यांचा मेळ घालून जाणीवपूर्वक साधावे लागते.