जयंतीवर्षाची समिती आणि तिजोरीचा हिशेब

थोर पुरुषाची जयंती अथवा ऐतिहासिक घटनेचा महोत्सव जवळ आला, की सरकार समिती नेमते. अशी समिती बहुधा कायद्याने नव्हे, तर शासन निर्णयाने स्थापन होते. त्यामुळे विधेयकासोबत जोडावे लागणारे वित्तीय ज्ञापन येथे नसते आणि एकूण खर्चाचा अंदाज आरंभीच सभागृहापुढे येतो असे नाही. अमेरिकेने मात्र २०२६ मधील आपल्या २५० व्या वर्षासाठी २०१६ मध्येच कायदा करून आयोग नेमला होता.

समितीचा स्वतःचा खर्च तुलनेने अल्प असतो. बैठका, अशासकीय सदस्यांचा प्रवास व दैनिक भत्ता एवढ्यावर तो भागतो. कर्मचारीवर्ग सहसा संबंधित विभागाचाच असतो. खरा भार पडतो तो समितीने सुचविलेल्या सोहळ्यांचा, जाहिरातींचा, ग्रंथांचा व स्मारकांचा. स्मारक एकदा उभे राहिले, की त्याची देखभाल दरवर्षी अर्थसंकल्पात येते.

वर्षाच्या मध्येच अशी नवी बाब उद्भवल्यास राज्यघटनेच्या २०५ व्या अनुच्छेदानुसार पुरवणी मागणी मांडावी लागते. अखर्चित निधी ३१ मार्चला व्यपगत होतो. जयंतीवर्ष मात्र सहसा दोन आर्थिक वर्षांत विभागलेले असते. साहजिकच तरतूदही दोनदा करावी लागते.

तरतुदीचे आकडे बोलके आहेत. महात्मा गांधींच्या १५० व्या जयंतीसाठी केंद्राच्या २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात १५० कोटी रुपये ठेवण्यात आले. शिवराज्याभिषेकाच्या ३५० व्या वर्षानिमित्त महाराष्ट्राच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात महोत्सवासाठी ३५० कोटी रुपयांची घोषणा झाली. रक्कम कामाच्या आराखड्यावरून ठरते की वर्षाच्या आकड्यावरून, असा प्रश्न यातून उभा राहतो.

जव्हार तालुक्यातील दाभोसा येथून पाहिल्यास या प्रश्नाचे महत्त्व कळते. लेंडी नदीवरील धबधब्यासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव पालघर जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात येते. जव्हार-मोखाडा परिसरात वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी समाजाची वस्ती आहे. बिरसा मुंडा यांच्या १५० व्या जयंतीचे वर्ष १५ नोव्हेंबर २०२४ ते १५ नोव्हेंबर २०२५ या काळात ‘जनजातीय गौरव वर्ष’ म्हणून पाळण्यात आले. त्याआधी, २ ऑक्टोबर २०२४ रोजी, बिरसांच्याच ‘धरती आबा’ या नावाने ग्राम उत्कर्ष अभियान सुरू झाले. पाच वर्षांच्या या अभियानाचा एकूण खर्च ७९,१५६ कोटी रुपये असून त्यात केंद्राचा वाटा ५६,३३३ कोटी, तर राज्यांचा २२,८२३ कोटी आहे. घरे, रस्ते, वीज, आरोग्य व शिक्षण ही त्यातील कामे. कातकरींसारख्या अतिअसुरक्षित जमातींसाठी २४,१०४ कोटींची पंतप्रधान जनमन योजना १५ नोव्हेंबर २०२३ रोजी स्वतंत्रपणे सुरू झाली.

सोहळ्याचा खर्च वर्षाअखेर संपतो. योजनेचा वाटा राज्याला पुढेही उचलावा लागतो. म्हणूनच जयंतीच्या नावाने झालेल्या प्रत्येक घोषणेत तीन गोष्टी वेगळ्या काढून पाहाव्यात: समितीचा खर्च किती, सोहळ्याचा किती आणि गावात उरणाऱ्या कामाचा किती. पहिल्या दोन रकमा कार्यक्रमाच्या दिवशी दिसतात. तिसरी रक्कम मात्र पुढच्या अर्थसंकल्पातील मागण्यांमध्येच शोधावी लागते, आणि दाभोशासारख्या गावांना तीच उपयोगी पडते.