अजिंठ्याची जळालेली चित्रे, भुसावळची कबर आणि बदललेला पत्ता

धागा : मोबाइलची प्रणाली रात्रीतून अद्ययावत होते आणि सकाळी ओळखीच्या फोल्डरमध्ये एकही छायाचित्र दिसत नाही. बहुतेक वेळा छायाचित्रे नष्ट झालेली नसतात, ती दुसऱ्या जागी गेलेली असतात. चित्र जपण्यासाठी हलवावे आणि त्या हलवण्यानेच ते धोक्यात यावे, असे मात्र खानदेशच्या सीमेवर दीडशे वर्षांपूर्वीच घडले होते. तेव्हाची चित्रे परत मिळाली नाहीत.

भुसावळच्या युरोपीय दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल याची कबर आहे. एप्रिल १८७९ मध्ये तो वारला. मद्रास सैन्यातील या अधिकाऱ्याला १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती करण्यासाठी नेमले होते. लेणी १८१९ मध्ये इंग्रजांच्या दृष्टीस पडली होती, आणि ओल, वटवाघळे व रंगाचे तुकडे उचलून नेणारे प्रवासी यांमुळे चित्रे झपाट्याने झिजत होती. वास्तुशास्त्राचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने ती नोंदवून ठेवण्याचा आग्रह धरला, त्यातून ही नेमणूक झाली.

गिल आणि पारो यांची कथा मराठी वाचकांना ठाऊक आहे. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेने ती घरोघरी नेली. पारोचे निधन मे १८५६ मधले. या कथेच्या प्रभेत गिलचे काम मात्र झाकोळून जाते. अंधाऱ्या लेण्यांत, निजामाच्या मुलखातल्या एकाकी गावात राहून हा माणूस वर्षानुवर्षे मोठमोठे कॅनव्हास रंगवीत होता आणि पूर्ण होतील तसे लंडनला पाठवीत होता.

हेतू उघड होता : मूळ चित्रे नष्ट झाली तरी प्रती सुरक्षित राहाव्यात. लंडन म्हणजे त्या काळचा सर्वांत भरवशाचा ‘क्लाउड’.

पुढे या प्रती सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनासाठी लागल्या. काच आणि लोखंड यांची ही इमारत मुळात १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये उभी राहिली आणि नंतर उचलून सिडनहॅमला नेण्यात आली. ३० डिसेंबर १८६६ रोजी तिच्या उत्तरेकडील भागाला आग लागली. गिलची बहुतेक सर्व चित्रे त्यात भस्म झाली. प्रदर्शनात न लावलेली मोजकीच तेवढी वाचली.

वर्षानुवर्षांचे श्रम एका आगीत संपले. उरली ती त्याची छायाचित्रे. गिलने १८५० च्या दशकात कॅमेरा हाती घेतला होता आणि १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांची पुस्तके फर्ग्युसनच्या लेखनासह लंडनमध्ये प्रसिद्ध झाली होती. त्या छायाचित्रांत रंग नव्हते, पण ती छापली गेली होती. म्हणजेच एकाच वेळी अनेक घरांत, अनेक कपाटांत होती. कोणतीही एक आग त्यांना संपवू शकत नव्हती.

यातून संबंधितांनी धडा घेतला काय? अंशतः. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रती करण्यास आरंभ केला. सुमारे तेरा वर्षांत जवळपास तीनशे चित्रे झाली आणि तीही लंडनलाच गेली. जून १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांतील शंभरहून अधिक जळाली. या वेळी मात्र जळाली ती साठवणीत ठेवलेली. १८६६ मध्ये जी जागा चित्रांना तारक ठरली, तीच एकोणीस वर्षांनी मारक ठरली. ‘सुरक्षित जागा’ नावाची वस्तू किती फसवी असते, हे याहून स्पष्टपणे कोणी सांगू शकणार नाही.

मूळ भित्तिचित्रांचे काय? त्यांचीही ‘सुधारणा’ झाली. ग्रिफिथ्सच्या काळी रंग उठून दिसावेत म्हणून काही चित्रांवर व्हार्निश लावले गेले. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटणारे तुकडे त्यांनी कौशल्याने भिंतीला पक्के केले, पण वर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, थर दिला. काळानुसार तो थर पिवळा-तपकिरी झाला आणि तडकला. हेतू शुद्ध, परिणाम अनपेक्षित. तो थर काढण्याचे नाजूक काम भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना एकविसाव्या शतकातही करावे लागले.

आता पुन्हा मोबाइलकडे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून प्रत्येक ॲपला साठवणीत स्वतंत्र खोली देण्याचे धोरण आले. तोवर कोणतेही ॲप परवानगी मिळताच सामायिक साठवणीत कोठेही हात घालू शके, त्याला आवर घालणे हा उद्देश. त्यानुसार व्हॉट्सॲपचे फोल्डर मुख्य जागेवरून उठून ‘अँड्रॉइड’ फोल्डरच्या आत ‘मीडिया’ विभागात गेले. जळगाव-धुळ्याच्या लग्नांची छायाचित्रे फाइल मॅनेजरमधून जुन्या जागी शोधणाऱ्याला तेथे रिकामे फोल्डर दिसावे, हे त्याचेच फळ. उलट प्रकारही घडला : मे २०२४ मध्ये आयओएस १७.५ नंतर काहींच्या आयफोनवर कधीच पुसलेली छायाचित्रे पुन्हा प्रकट झाली. कारण डेटाबेसमधील बिघाड. काही दिवसांतच १७.५.१ ही दुरुस्ती आली.

यांहून सूक्ष्म बदल २०१७ चा. आयओएस ११ पासून आयफोन छायाचित्रे जेपेगऐवजी ‘हाइक’ या नव्या स्वरूपात साठवू लागला. जागा कमी लागते, पण जुन्या संगणकावर ती फाइल उघडत नाही. चित्र जागेवर असते, वाचणारा नसतो.

या प्रकाराला धुळे चांगले ओळखते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले आणि लगोलग १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांचा संग्रह तेथे आहे. त्यातील मोडी कागद तसेच्या तसे उरले, परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली आणि सामान्य मराठी माणसाला पणजोबांचा कागद उलगडेनासा झाला.

राजवाडे यांनी मात्र गावोगाव पायपीट करून मिळवलेली पत्रे केवळ कपाटात ठेवली नाहीत. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांत ती बाळबोध लिपीत छापत गेले. म्हणून मोडीचे एक अक्षरही न येणारा जळगावचा विद्यार्थी आज पेशवाईतले एखादे पत्र ग्रंथालयात बसून वाचू शकतो.